रहाटावरची धाव

भात झोडून झालं की भिकाजीच्या घरात दरवर्षी एकच रड सुरू व्हायची. रहाट कोण हाकणार? मालवणजवळच्या त्या खाडीकाठच्या वाडीत थंडीतली मिरची, वांगी, मुळा, सगळं विहिरीच्या पाण्यावर. आणि पाणी काढायचं ते पायरहाटाने. फळीवर टेकायचं, हातांनी वरचा दांडा ओढायचा, पायांनी खालचा ढकलायचा, की मडक्यांची माळ पाणी घेऊन वर येते. माणूस तासन्‌तास पाय मारतो आणि असतो तिथेच असतो. भिकाजीचे गुडघे या कामाला कुरकुरत, आणि गडी ठेवायची ऐपत नव्हती.

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या थंडीत मात्र सातवीतली जानकी आपण होऊन म्हणाली, "बाबा, उद्यापासून रहाट मी हाकतंय."

भिकाजीला आभाळ ठेंगणं झालं. लेक असावी तर अशी! वाडीतल्या दुकानाच्या ओट्यावर बसून त्याने चार जणांना ऐकवलंही, "माझ्या चेडवाचे पाय बगा. दोन बाप्यांचा काम एकट्यान करता."

जानकीची हाकण्याची तऱ्हा मात्र विचित्र होती. मिरचीच्या एका सरीला ती भन्नाट पाय मारी, पुढच्या सरीला दम परत येईपर्यंत सावकाश, मग पुन्हा भरभर. खोऱ्याने सरींची तोंडं उघडणारी तिची आई नर्मदा वैतागून म्हणे, "अगो, एकसारखा हाक मगो!" जानकी नुसती हसायची. पौष सरेपर्यंत तिचा दम असा वाढला, की सावकाश सरीची तिला गरजच उरली नाही.

माघात एका संध्याकाळी शाळेच्या आपोलिनाबाई अंगणात आल्या. बाई ख्रिस्ती, मालवणातच वाढलेल्या. शाळेत पुस्तकी मराठी बोलत, पण पालकांशी घरचीच बोली. कोडं त्यांनीच उलगडलं. तालुक्यातल्या शाळांचे खेळ मालवणात भरणार होते आणि मुलींच्या शर्यतीत जानकीला धावायचं होतं. पहिली आली तर ती रत्नागिरीला जाणार होती, आणि तिथेच राहून पुढे शिकण्याची सोय लावायला बाईंना निमित्त मिळणार होतं. किनाऱ्यावर धावायला गेली की रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार टक लावून बघत. म्हणून बाईंनीच सुचवलं होतं, घरी रहाट आहे ना? त्यावर दम कमव!

भिकाजीचा चेहरा उतरला.

"बाईनू, वयात इलेला चेडू तां. चार गावांसमोर परकर खोचून धावतला? माझी अब्रू खंय रवली?"

"तुमच्या रहाटार तां सगळी थंडी धावलासा," बाई म्हणाल्या. "परकर थंय पण खोचलेलोच. तेवा नाय गेली अब्रू?"

"तां घरचा काम, बाईनू!"

"म्हणजे चेडवान धावूक तुमची हरकत नाय. धावान खंय पोचूक हरकत आसा!"

भिकाजी निरुत्तर झाला. पण निरुत्तर झालेला माणूस ऐकतोच असं थोडंच आहे? तो उलट चिडतो. "माझ्या घरात काय ता मी ठरवतलंय," एवढंच तो म्हणाला आणि बाई परत गेल्या. दाराआड उभ्या असलेल्या जानकीने सगळं ऐकलं होतं.

खेळांच्या दिवशी त्याने तिला सकाळीच रहाटावर बसवलं. त्या दिवशी तिने रोजच्याहून दुप्पट जोराने पाय मारले. पाणी उसळलं, सरी फुटल्या, रोपं आडवी झाली. भिकाजी ओरडला तरी ती थांबेना. अखेर नर्मदेने हाताला धरून तिला खाली उतरवलं, तेव्हा पोरीचे पाय लटलटत होते. तिच्या तोंडावर घाम होता की आणखी काही, ते बघायला भिकाजी थांबला नाही.

उगाच चर्चा नको म्हणून वैशाखात त्याने तिचं लग्न उरकलं. स्थळ आचऱ्याचं, बागायत मोठी. बघायला आलेल्या मंडळींना त्याने मुद्दाम विहिरीवर नेलं. "असले पाय तालुक्यात मिळाचे नाय!" पसंती तिथल्या तिथे झाली.

पुढच्या थंडीत रहाटावर भिकाजी स्वतः बसला. अर्ध्या सरीतच त्याचा दम तुटे. फळीवर धापा टाकताना बाईंचे शब्द आठवत, आणि आता त्यांना उत्तर शोधावंसंही त्याला वाटत नसे. एके दिवशी मुळ्यांची जुडी घेऊन तो आचऱ्याला गेला.

जानकी विहिरीवरच होती. पाय एका लयीत चालले होते, ना भरभर, ना सावकाश. तिचे सासरे दत्ताराम ओट्यावर बसले होते. भिकाजीने त्यांच्यापुढे हात जोडले.

"व्याह्यानू, चेडवाक फुडे शिकूक देवा. माजी चूक झाली."

दत्ताराम मोठ्याने हसले. "काय ह्या व्याह्यानू! पाय बगूनच तर सून केलंव. तुमीच नाय दाखवलास?"

भिकाजीने जोडलेले हात सोडले. तो उठून विहिरीवर गेला. "उतर गो बाय," तो म्हणाला. "वायंच मी हाकतंय. तू जा, दर्याकडे धावान ये. कोण काय बोलता तां मी बगतंय!"

जानकी उतरली. पदर सारखा करून विहिरीच्या कडेला उभी राहिली. भिकाजी पाय मारत होता, मडकी वर येत होती, आणि ती तिथेच उभी होती.

"खंय जाव, बाबा?" तिने विचारलं.

भिकाजी पाय मारतच राहिला. तीच पुढे झाली. "उतरा. तुमचे गुडघे दुखतले." तो उतरला, ती चढली. घराकडे परतताना आचरं मागे पडेपर्यंत रहाटाचा आवाज त्याच्या कानांवर येत राहिला, अगदी एकसारखा.

बंधुभगिनींनो, लेक घरासाठी राबली की आपण तिला गुणाची म्हणतो, आणि त्याच पायांनी ती स्वतःसाठी चार पावलं पुढे गेली की आपली अब्रू जाते! भिकाजीला हे कळलं, पण कळून त्याच्या जानकीचं काहीच झालं नाही. तुमच्या घरी अजून कुणी दाराआड उभी असेल, तर तिला आजच जाऊ द्या. वेळ निघून गेल्यावर मिळालेली मोकळीक कुणाच्याच कामाची नसते.