मांजर्लीतली दोन घरं

तेव्हाची मांजर्ली आठवायची तर आधी भाताची खाचरं आठवावी लागतात. बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की थोडी दुकानं, पुढं चिंचेची झाडं, आणि मग वाट उल्हास नदीच्या अंगानं जायची. सकाळी डोंगरवाडीच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन त्याच वाटेनं यायच्या. खाचरांच्या मधोमध चार-दोन इमारती उभ्या होत्या, जणू कुणी तात्पुरत्या आणून ठेवल्या आणि न्यायला विसरलं.

त्यातल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर बाळाजी कांबळे राहायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो आवक-जावक कारकून होता. वय पन्नाशीचं, लग्न केलेलं नाही, घरात पुस्तकं मात्र भिंतभर. लोकांत बोलायचं म्हटलं की त्याच्या जिभेला गाठ पडायची.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात त्याची थोरली बहीण कौसाबाई पहिल्यांदाच घर बघायला आली. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवला, चार घरची धुणीभांडी करून मॅट्रिकपर्यंत शिकवला. आता विधवा होऊन ती मुंबईत नायगावच्या चाळीत मुला-सुनेच्या एका खोलीत कॉटखाली वळकटी ठेवून दिवस काढत होती. तिनं आता आपल्याकडे कायमचं राहावं, एवढंच बाळाजीला हवं होतं. पण ते सरळ विचारायची हिंमत होईना, म्हणून वाटेनं चालता चालता त्यानं भूगोल सांगायला घेतला.

"आक्का, ही उल्हास. राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जतवरनं येते. पुढं बारवी हिला मिळते, आणि..."

"मला काय नदीशी सोयरीक करायचीय, बाळू?"

"तसं नाही. गाव वाढतंय गं. एक्क्याऐंशीच्या जनगणनेत इथली लोकसंख्या..."

"त्यात आपली माणसं किती?"

बाळाजीनं इकडंतिकडं पाहिलं. "जरा हळू, आक्का." वाटेवर एका म्हशीशिवाय कुणी नव्हतं.

"म्हशीला काय कळतंय," कौसाबाई म्हणाली.

घर तिला आवडलं. नळ घरात, ओटा मोठा, गच्चीतून नदी दिसते. बाहेरच्या खोलीत धबधब्याचं कॅलेंडर होतं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. दारामागच्या भिंतीवर, दार उघडलं की झाकली जाईल अशी, बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर टांगलेली होती.

"हे इथं कशाला?"

"बाहेर कुणी येतं-जातं..."

"कोण येतं?"

"येत नाही कुणीच."

"मग लपवलंस कुणापासनं?"

बाळाजी चष्मा काढून पुसायला लागला.

"खाली कोण राहतं?"

"नवरा-बायको आहेत. तो उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानात सुतारकाम करतो."

"नाव?"

"नाव विचारलं की ते आपलं विचारणार. मग आडनाव. मग गाव कुठलं, आळी कुठली. त्यापेक्षा नकोच ते."

"दोन वर्षं झाली रे तुला इथं."

जाताना ती एवढंच म्हणाली, "नायगावला मला पाय पसरायला जागा नाही, पण पौर्णिमेला वंदना खणखणीत म्हणते. इथं येऊन तोंडात पदर कोंबून बसू? तुझं घर चांगलं आहे, बाळू. पण माझ्याच्यानं नाही व्हायचं."

तिला गाडीत बसवून बाळाजी परतला. तसबीर बाहेर लावावी म्हणून त्यानं खिळा हातात घेतला, आणि खालच्यांना हातोडीचा आवाज जाईल म्हणून परत ठेवून दिला.

श्रावणात सलग पाऊस लागला आणि एका दुपारी नदी वाट ओलांडून आली. आधी खाचरं दिसेनाशी झाली, मग बांध, मग इमारतीची पहिली पायरी. बाळाजी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. खालच्यांना हाक मारायची होती, पण काय म्हणून मारावी हेच सुचेना. तेवढ्यात तेच वर आले. सुताराच्या डोक्यावर ट्रंक, हातात स्टोव्ह. बायकोच्या छातीशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी.

"साहेब, मी शिवराम, खालचा. पानी घुसलं एकदम. घंटाभर सामान ठेवू का?"

"या, या. वहिनी भिजल्यात. आत जा, कपडे बदला."

बोलून गेल्यावर त्याला आतली तसबीर आठवली. बाई आत गेली आणि दार लागलं. शिवराम सदरा पिळत काहीबाही बोलत होता, बाळाजीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

शिवरामची बायको गंगू बाहेर आली ती नवऱ्याकडे पाहत.

"अहो, हे आतच ठेवते मी. तिथं आपलंच आहे."

"आपलंच म्हणजे?"

तिनं प्लॅस्टिक सोडलं. आतून तसलीच तसबीर निघाली. चौकट तेवढी सुबक, शिवरामनं स्वतः केलेली.

"आमची कपाटात असते," गंगू जमिनीकडे बघत म्हणाली. "हे म्हणाले, नवी जागा आहे. वरचे साहेब चष्मा लावून सारखे वाचत असतात, बामणाचे असतील."

बाळाजी हसायला लागला. हसता हसता खुर्चीवर बसला आणि डोळे पुसायला लागला.

"दो साल, साई," शिवराम उल्हासनगरच्या सिंधी शेठसारखा हात उडवत म्हणाला. "दो साल आम्ही रेडिओपण बारीक लावतोय तुमच्या भीतीनं."

पाणी ओसरेपर्यंत ते दोघं वरच राहिले. धबधब्याचं कॅलेंडर उतरलं आणि खिळा ठोकायला सुतार घरातच होता. पुढच्याच रविवारी बाळाजी नायगावला जाऊन आला. कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. नदीला किती पाणी आलं हे तिनं विचारलं नाही. गंगू कुठली, भाकरी करते का, मुलंबाळं आहेत का, हेच विचारत राहिली. बाळाजीला निम्मंच सांगता आलं.

दिवाळीनंतर कौसाबाई कायमची राहायला आली. पुढं नव्वदनंतर खाचरं बुजली, इमारतीला इमारत लागली, जिन्यात कोण चढतं-उतरतं ते कळेनासं झालं. पण बाळाजीला मांजर्ली म्हटलं की ती आली तो एकच दिवस आठवतो.

संध्याकाळ झाली होती. त्यानं मोठ्या हौसेनं दोघांपुरता भात टाकला, वांग्याचं कालवण केलं, दोन ताटं मांडली. तेवढ्यात खालून गंगूची हाक आली, "आक्का, चहा टाकलाय." कौसाबाई पदर सावरत गेली ती गेलीच. भाताची वाफ निवली. खालून गंगूचं बोलणं, मग कौसाबाईचं मोठ्यानं हसणं. असं हसताना तिला त्यानं लहानपणापासून ऐकलं नव्हतं. आपल्यासाठी आली आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्यांची झाली, असं त्याला क्षणभर वाटलं. आपण खाली गेलो तर त्यांची गंमत मोडेल, असंही वाटलं.

मग त्यानं कालवणाचं पातेलं फडक्यात धरलं आणि जिना उतरला. खालच्यांचं दार त्यानं कधी वाजवलं नव्हतं. हात मोकळा नव्हता, म्हणून तो बाहेरच थांबून राहिला.

"कोण आहे रे?" आतून शिवरामनं विचारलं.

"मी. वरचा, बाळाजी कांबळे."

"मग दारात काय उभे? गंगू, अजून एक पाट दे."