गाण्यातलं लोखंड

"बाई हाय का दगूड? दिवस बुडायला आला, आमटी गार झाली, आन् ह्या बसल्यात कानावर वाट्या लावून."

ही माझी भावजय राजमती. माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहून बोलत होती. मला ऐकू येत नाही अशी तिची खात्री होती, कारण माझ्या डोक्यावर हेडफोन होता. गाणं संपून बराच वेळ झाला होता. मी तो काढला नव्हता, एवढंच. हेडफोन घातलेल्या माणसापुढे लोक जितकं खरं बोलतात, तितकं देवापुढेही बोलत नसतील. ताट टेबलावर ठेवून ती गुडघे धरत जिना उतरली.

आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून खासबागेतल्या ह्या घरात रोज संध्याकाळी गाडी पकडायची असल्यासारखी घाई असते. खाली माझा धाकटा भाऊ शांतिनाथ, राजमती आणि त्यांची मुलगी त्रिशला. वरच्या खोलीत मी. मी वेळेवर खाली गेले नाही की ताट वर येतं. आणि वेळेवर मी सहसा जात नाही.

निपाणीत स्टँडजवळ आमचं कॅसेटचं दुकान होतं. लोकांना हवी ती गाणी भरून देता देता माझा कान तयार झाला. बाकी शिक्षण म्हणाल तर दहावी. आधी कॅसेटी गेल्या, मग दुकान, मग आमचे हे. शांतिनाथ टेंपो घेऊन आला आणि सामानाबरोबर मलाही बेळगावला घेऊन आला. आता मी पुण्याच्या एका वेब मासिकासाठी नव्या गाण्यांवर लिहिते. नवी म्हणजे सिनेमातली नव्हेत. कुठल्यातरी पोरानं गोधडीत तोंड घालून मोबाईलवर रेकॉर्ड केलेली, जी त्याचे चुलतभाऊ ऐकतात आणि मी ऐकते. मासिकाची नोकरी अशी नाही. लिहिलं की छापतात.

वाचतं कोण, ठाऊक नाही. माझ्या ओळखीची वाचक एकच, त्रिशला. उद्यमबागेत नोकरीला आहे. गाणं चालू असलं की बाहेरचा आवाज पार बंद करणारा हा हेडफोन पहिल्या पगारातून तिनंच मला आणला. माझा लेख आला की ऑफिसातून आल्या आल्या, पर्ससकट वर यायची. "आत्ती, ह्याला लई धुतलंस गं!" म्हणत पलंगावर आडवी व्हायची. मग आम्ही बोलायचो. खरं सांगायचं तर माझं बोलणं तेवढंच व्हायचं.

ती यायची थांबली, 'कडबोळी'वर लिहिलं तेव्हापासून.

कडबोळी हे गाणाऱ्यांचं नाव. हल्ली नावं अशीच असतात. त्याआधी सांगलीचा एक 'ओला टॉवेल' ऐकला होता. कडबोळीचं गाणं मेलवर आलं, सोबत ना खरं नाव ना गाव. एका बाईचं गाणं होतं, जिच्या घरात सगळे आहेत आणि जी कुणालाच दिसत नाही. मी लिहिलं: "गळा गोड आहे, पण गाण्यातली बाई खोटी वाटते. भरल्या घरात इतकं एकटं कुणी नसतं. शिवाय कडव्यांच्या मधे कुणीतरी लोखंड बडवतं, ते कशासाठी कळत नाही. ती हाक असेल, तर तिला कुणीतरी ओ द्यायला हवी होती."

शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं.

लेख आला त्या संध्याकाळी मी पलंगावरच्या वह्या-वायरी आवरून जागा करून ठेवली. त्रिशला आली नाही. दुसऱ्या दिवशी जिन्याखालूनच म्हणाली, "काम लई हाय गं, आत्ती." त्यानंतर तेही म्हणेना. मग शांतिनाथ अंगणात भेटला. "आक्का, ते तुझं वाचलं मी. चांगलं हाय," म्हणाला आणि नळाकडे बघत उभा राहिला. शांतिनाथनं माझं लिहिलेलं आजवर कधी वाचलं नव्हतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

अशात हेडफोनची एक बाजू बंद पडली. दुरुस्तीला टाकला आणि संध्याकाळी उघड्या कानांनी बसले. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड, कुणाचा तरी कुकर, रिक्षा. ह्या घराला इतके आवाज आहेत हे मी विसरूनच गेले होते. एवढ्यात खालून आलं.

ठण्ण. ठण्ण. जरा थांबून, पुन्हा एकदा.

माझा हात कानाकडे गेला. हेडफोन नव्हता. हे गाणं नव्हतं.

बाहेर येऊन वाकून पाहिलं. आमचा जिना लोखंडी. राजमती त्याच्या कठड्यावर उलथणं बडवत होती. तिनं वर पाहिलं नाही, वाटही पाहिली नाही. सवयीनं दिवा लावावा तसं वाजवलं आणि आत गेली.

मी उतरले.

स्वयंपाकघरात ती माझं वर न्यायचं ताट वाढत होती. मला दारात बघून तिचा हात थांबला. "वन्सं? बरं न्हाय का?"

"हेडफोन बिघडलाय," म्हणत मी पाटावर बसले. समोर त्रिशला. तिनं मान वर केली नाही.

"औंदा वांग्याला चवच न्हाय," शांतिनाथ म्हणाला.

"रोज वाजवतीस?" मी राजमतीला विचारलं.

"गुडघं दुखत्यात, जिना चढवत न्हाय. हाका मारून घसा बसाय लागला, म्हणून पावसाळ्यापासनं वाजवतो."

"मला ऐकाय आलं न्हाय गं कधी."

"ठावं हाय की."

मी त्रिशलाकडे वळले. "गळा कुणाचा?"

"मैत्रिणीचा, येळ्ळूरच्या रचनाचा," ती ताटाला म्हणाली. "बाकीचं मी."

"चाल चांगली हाय."

"तसं लिहिलं न्हाईस."

"भात वाढ गं, ऊन गेलं बघ," शांतिनाथ घाईनं म्हणाला. आम्ही सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं, जणू तिथे काही बघण्यासारखं होतं.

"नुसती ती बाई तेवढी," मी सुरुवात केली.

राजमतीनं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"ती बाई खोटी न्हाय, वन्सं. ती तुम्ही हायसा. लई एकट्या पडलायसा तुम्ही. आन् आम्ही समदी खालनं लोखंड बडवतो, वर येऊन घटकाभर बसाय जमत न्हाय आमास्नी."