राजमणीअक्कांचा करडा रंग

डाळिंबाच्या वाळक्या साली उकळू लागल्या की आधी ओल्या मातीचा, मग गंजल्या लोखंडाचा आणि सरतेशेवटी एखाद्या जुन्या काढ्यासारखा तुरट, घशात रेंगाळणारा वास सुटतो. वैशाखातल्या दुपारी, पत्र्याखाली वारासुद्धा तापून निपचित पडलेला असताना, त्या वासाच्या मधोमध राजमणीअक्का उभ्या असत. पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मनगटापर्यंत काळपट-पिवळे झालेले, कुठल्याही साबणाला न जुमानणारे हात. वाफेच्या पडद्याआडून त्यांचा चेहरा दिसे न दिसेसा होई. पण काठीने कढईतला टॉवेल उचलून पुन्हा बुडवण्याची त्यांची लय इतकी संथ आणि अचूक असे, की त्या लयीवर आमच्या केंद्राचा अख्खा दिवस चालतो आहे असं वाटावं.

पर्यावरणपूरक वस्तू घडवणारं आमचं केंद्र सोलापुरात एका बंद पडलेल्या मागांच्या कारखान्यात आहे. मेंढपाळ हल्ली फेकून देतात त्या जाड्याभरड्या लोकरीच्या, रोपं लावायच्या कुंड्या सांगोल्याकडचे बिरूमामा करतात. मी जवळच्या मंद्रूप गावची, डिझाइन शिकून इथे आले. नमुने आखणं आणि प्रत्येक वस्तूला लावायची चिठ्ठी लिहिणं, ही माझी कामं. वस्तू कशापासून झाली, कशी झाली, हे त्या चिठ्ठीत असतं. अक्का शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. वडील रंगारी होते. त्यांच्या हाताखाली रंग शिकलेली ही मुलगी लग्नानंतर तीस वर्षं विड्या वळत राहिली, आणि पन्नाशी उलटल्यावर आमच्याकडे आली तेव्हा तिची बोटं काहीही विसरलेली नव्हती.

मागांचे गंजलेले तुकडे आणि गूळ मडक्यात घालून त्या पंधरा-पंधरा दिवस आंबत ठेवत. सालीच्या पिवळ्या काढ्यातून निघालेला टॉवेल त्या लोहपाण्यात गेला, की डोळ्यांदेखत त्यावर श्रावणातल्या झाकोळासारखा करडा रंग चढत जाई. दोन टॉवेल कधी तंतोतंत सारखे होत नसत. मी कुरकुरले की त्या हसत. "दोन पोरं सारकी असतात व्हय, पोरी? मग दोन टावेल कसे असतील?"

हाच करडा रंग एका मोठ्या हॉटेलसमूहाला आवडला आणि भरघोस मागणी आली. अट एकच होती: प्रत्येक टॉवेल हुबेहूब सारखा हवा, आणि लवकर हवा. आमच्या संचालकांनी, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, बराच विचार केल्याचं दाखवलं. मग एके दिवशी टेम्पोतून गठ्ठे उतरले. साऱ्यांचा करडा रंग एकसारखा, गुळगुळीत, निर्दोष. बाहेरच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात, रासायनिक रंगात, दोन दिवसांत ते काम उरकलं होतं. तिथलं रंगीत पाणी कुठल्या नाल्याला जातं हे शहरात कुणाला ठाऊक नाही?

अक्कांनी एक टॉवेल नाकाशी नेला, अंगठ्याने चोळला आणि खाली ठेवला. मग माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे.

"चिट्टीवर काय लिवलंयस? वाच की."

मी वाचलं. खरं म्हणजे पुटपुटले. 'डाळिंबाच्या सालीत, हाताने, निसर्गाच्या गतीने रंगवलेला.' ओळ माझीच होती. अक्कांच्या टॉवेलांसाठी मी ती मोठ्या हौसेनं लिहिली होती, आणि सरांनी ती या गठ्ठ्यांसाठीही तशीच छापून घेतली होती.

"खरं हाय का हे?"

मी चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला माझ्या हस्ताक्षराची किळस आली. सरांकडे जाऊन बोलायचं धैर्य मी त्या दिवशी गोळा केलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नोकरी, घर, पुढे बघू: भित्र्या माणसाकडे असली कारणं नेहमी तयार असतात.

आठवड्याने हॉटेलची मंडळी पाहायला आली. अंगणात रांगोळी, हारतुरे, कॅमेरे. अक्कांना नवं लुगडं देऊन कढईपाशी उभं केलं होतं. त्यांनी काठी हलवायची, पाहुण्यांनी फोटो काढायचे, असा बेत. पाहुण्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "आजी, हे सगळे टॉवेल तुम्हीच रंगवले?"

अक्कांनी काठी बाजूला ठेवली. सरबतासाठी चिरून ठेवलेल्या लिंबांतली एक फोड उचलली. खुंटीवरचा स्वतः रंगवलेला जुना टॉवेल मेजावर पसरला, शेजारी गठ्ठ्यातला नवा. दोन्हींवर लिंबू पिळलं. जुन्यावरचा करडा रंग बघता बघता विरला आणि तिथे फिकट पिवळा डाग उमटला. नव्याला काहीच झालं नाही.

"साल नि लोखंडाचा रंग आंबटाला घाबरतोय," अक्का म्हणाल्या. "ह्यो घाबरला न्हाय. ह्यो माजा न्हाय."

सर घाईने पुढे आले. "अक्का, बाजूला व्हा जरा." मग पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, "डाग पडणारा रंग तुम्हाला कसा देणार? म्हणून थोडी सुधारणा केली आहे."

"व्हय, पडतोय डाग," अक्कांचा आवाज तितकाच संथ होता. "तसं लिवा की चिट्टीवर. डाग पडतोय म्हणून लिवा. जे न्हाय ते कशाला लिवताय? लोकं इस्वासानं तोंड पुसणार हायत त्येला."

बिरूमामा मागून मोठ्याने म्हणाले, "बरूबर बोलतीया!" बाकी आम्ही, शिकलेले, पृथ्वीच्या भवितव्यावर तासन्‌तास बोलणारे, मान खाली घालून उभे होतो.

मला वाटलं होतं, आता मागणी रद्द होईल. तसं काही झालं नाही. पाहुण्या बाईंनी सरांशी आत बसून चहा घेतला, आणि टॉवेल गेले. चिठ्ठी तेवढी बदलायची ठरली: 'निसर्गातून स्फुरलेला रंग.' खोटं म्हणता येणार नाही आणि खरं तर मुळीच नाही, अशी ती चलाख ओळ. ती सुबक अक्षरात लिहून दे, असं सरांनी मला सांगितलं. त्या वेळी मात्र मी नाही म्हणाले. माझा नकार फार उशिरा आला होता, आणि त्याने काही अडलंही नाही. सरांनी ती स्वतः लिहिली. अक्कांना 'आता काही दिवस येऊ नका' असा निरोप गेला होता. ते दिवस कधी संपले नाहीत.

पावसाळा सरल्यावर मी त्यांच्या गल्लीत गेले. मागांचा खडखडाट भिंतींतून येत होता आणि त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "लेकीकडं गेली की भिवंडीला. आता हितं न्हाय यायची म्हणली." काय बोलायचं ते मनाशी घोकत मी गेले होते. क्षमायाचना ऐकायला माणूस दारात थांबून राहील, असं आपण कोणत्या हक्काने धरून चालतो?

केंद्राच्या दर्शनी भिंतीवर आता एक भलंमोठं छायाचित्र आहे. वाफेतले अक्कांचे दोन हात, आणि खाली छापलेलं: 'परंपरेचा स्पर्श.' ज्या बाईला हाकललं तिचेच हात, आणि ते हात कुणाचे ते कुठेही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शाईचा पेन काढला आणि खाली ठळक लिहिलं: राजमणी. दुसऱ्या दिवशी ते पुसलेलं होतं. मी पुन्हा लिहिलं. सरांनी बोलावून विचारलं, तेव्हा "मीच लिहिते" म्हणून सांगितलं. ते अजून पुसलं जातं, मी अजून लिहिते. एकदा मी रजेवर होते आणि परतल्यावर बघते तर नाव होतंच, बिरूमामांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात.

माणूस कधी काळामुळेही दूर जातं, आणि काळापुढे कुणाचाच इलाज चालत नाही. पण त्याचं नाव पुसलं जातं ते कुणाच्या तरी हाताने, आणि तो हात कुणाचा होता हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.