साडेअकराची कळंब गाडी

"मामा, मी खूण केली की सोडायचा. घाई करू नका," गौरीशंकर सर माइकवर हात ठेवून म्हणाले.

लंबक कधी सोडायचा हे आता मल्लिनाथला सर सांगणार! अहो, धाराशिवच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर म्हणून तीस वर्षं काढली होती त्यानं. सर नवे नवे लागले तेव्हा झोके मोजताना चुकायचे. लंबक सुटला की लगेच 'एक' म्हणायचे. मग मल्लिनाथ हळूच जवळ जाऊन सांगायचा, "सर, आधी शून्य म्हना. झोका पुरा झाल्यावर एक." आता सर विभागप्रमुख झाले होते आणि लातूर-सोलापूरला व्याख्यानं देत होते. आजचा विषय होता, काळात मागे जाता येतं का? सकाळी दहालाच सभागृह भरलं होतं आणि मंचाच्या कडेला, लंबकाजवळ, स्टुलावर मल्लिनाथ बसला होता.

विषय त्याच्या जिवाचा होता. पंधरा वर्षांपूर्वी त्याची बायको शिवलीला कळंबला माहेरी काविळीनं गेली. तो पोचला तेव्हा कपाळाला विभूती लावून, लिंगायत रीतीनं समाधीसाठी तिला बसतं केलेलं होतं. सासू गजराबाई एवढंच म्हणाली, "तीन वाजेपर्यंत दाराकडं बघत हुती वो माझी लेक."

त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मल्लिनाथजवळ तेव्हा मोबाइल नव्हता. निरोप यायचा तो विभागातल्या फोनवर. चार वाजता सर स्वतः आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आत्ताच फोन आला, मामा. निघा तुम्ही." कळंबला पोचल्यावर मेहुणा शांतलिंग रडत रडत सांगत होता, "दाजी, म्या अकरालाच केलता की फोन." मल्लिनाथनं त्याला चार माणसांत खोटारडा म्हटलं. बहीण मरायला टेकली तरी यानं फोनला दुपार केली, आणि वर तोंड करून खोटं बोलतो! त्या दिवसापासून मल्लिनाथ कळंबला गेला नाही. सरांवर मात्र त्याचा जीव जडला. देवमाणूस म्हणायचा तो सरांना, अगदी कुणाहीपुढं.

सरांनी खूण केली. लंबक सुटला. शून्य, मल्लिनाथ मनात म्हणाला आणि सवयीनं मोजू लागला.

सर रंगात आले. प्रचंड वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, विमानात घड्याळं नेऊन हे तपासलेलं आहे, म्हणजे पुढं जायची वाट आहे. मागं जायची मात्र अजून कुणाला सापडलेली नाही. शिवाय सगळ्यांचं 'आत्ता' एकच असतं हाही आपला भ्रम. सूर्य या क्षणी विझला तरी आपल्याला आठ मिनिटं ऊन मिळत राहील.

"यावरून एक किस्सा सांगतो," सर म्हणाले. हा किस्सा इतक्या गावांत सांगून झाला होता की तो ज्याचा आहे तो माणूस चार हातांवर बसलाय, याचं त्यांना भानच राहिलं नाही. "आमच्याकडं एक परिचर होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी अकराला त्याच्यासाठी फोन आला. बायको अत्यवस्थ आहे, ताबडतोब पाठवा. बाहेरचे परीक्षक आलेले, आणि कुठलं उपकरण कुठं आहे ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी निरोप ठेवून घेतला. चारला सांगितला. तोवर ती गेली होती. पण मित्रहो, ते पाच तास तो माणूस गुणगुणत काम करत होता. त्याच्या जगात ती जिवंत होती. एका अर्थानं ते पाच तास मी त्याला दिले."

सभागृह गलबललं. टाळ्या पडल्या.

मल्लिनाथ एकशे चौदावर होता. पुढचा आकडाच त्याला आठवेना. ज्याला देवमाणूस म्हटलं त्यानं निरोप दाबला, आणि ज्याला खोटारडा म्हटलं तो पोर खरं बोलत होता. पंधरा वर्षं! लंबक आपला चाललाच होता.

"कुणाला काही प्रश्न?"

माइक फिरवायचं काम मल्लिनाथकडंच होतं. तो उभा राहिला आणि माइक त्यानं स्वतःच्याच तोंडाशी धरला.

"सर, अकराला सांगितलं असतं तर साडेअकराची कळंब गाडी घावली असती का?"

पोरं हसली. मामांचं आपलं काहीतरी, असं त्यांना वाटलं. सर हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मामा... त्या वेळची परिस्थिती..."

"घावली असती, सर. सव्वाला पोचती ती गाडी. शिवलीला तीनला गेली."

हसणं थांबलं. मल्लिनाथनं तळहातानं लंबक थांबवला, दोरा गुंडाळला, गोळा पेटीत ठेवून झाकण लावलं. किल्ल्यांचा जुडगा सरांच्या कागदांवर ठेवला. "दोन कपाटाच्या, एक खोलीची," असं सांगून तो पायऱ्या उतरला.

स्टँडवर साडेअकराची कळंब गाडी लागलेलीच होती. तो खिडकीशी बसला. येडशी मागं पडली, येरमाळा आलं. गाडीनं कुठंतरी बंद पडावं, निदान एखादं चाक तरी पंक्चर व्हावं, असं त्याला सारखं वाटत होतं. म्हणजे त्या दिवशीही आपण पोचलो नसतो, असं मनाला सांगता आलं असतं. गाडी सव्वाला कळंबच्या स्टँडात शिरली.

दार शांतलिंगनंच उघडलं. पोराचे केस पार पांढरे झाले होते.

"दाजी? तुमी?"

"तू अकरालाच केलतास फोन."

"व्हय," शांतलिंग म्हणाला. "तवाच सांगितलं हुतं की म्या." आणि दारातून बाजूला झाला. "या आत. भाकरी खावा."

शिवलीलाची खाट होती त्या कोपऱ्यात आता शिलाई मशीन होतं. शांतलिंगनं खुर्ची पुढं केली, पण मल्लिनाथ त्या मशीनला टेकून खालीच बसला, दाराकडं तोंड करून.