दाराखालची पाचर

मला हॉस्पिटलात सगळे मावशी म्हणतात. डॉक्टर म्हणतात, पेशंट म्हणतात, आणि माझ्या पोटची पोरगीसुद्धा ड्यूटीवर असली की मावशीच म्हणते. घरी ती छकुली, तिथे आयसीयूची सिस्टर. रुजू व्हायच्या आदल्या दिवशीच तिने मला बजावलं होतं, "आई, तिथे अगं-तुगं करायचं नाही हं. मीही तुला अहो-जाहो करणार." म्हटलं, कर बाई. नऊ महिने पोटात लाथा मारल्यास तेव्हा कुठे अहो-जाहो केलं होतंस, आता कर. तोंडाने असं बोलले, पण आतून मला कोण आनंद! तिसऱ्या मजल्यावर मी फरशी पुसायची आणि काचेपलीकडे माझी लेक मशिनींची बटणं फिरवायची. आयसीयूपुढची फरशी माझ्याइतकी कुणी पुसली नसेल.

पण त्या खोलीतली हवा म्हणजे काय सांगू! खिडक्या होत्या, पण एसी बसवला तेव्हा सगळ्या काचा पक्क्या करून टाकलेल्या. घाण हवा बाहेर फेकायला छतात एक मोठा पंखा होता, तो बंद पडलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं, पार्ट मागवलाय. कुठून मागवला देव जाणे, चालत येत असावा. आत औषधांचा, घामाचा, आजाराचा वास नुसता कोंडून राहायचा. छकुली घरी आली की डोकं धरून आडवी व्हायची, जेवायचंही नाव नाही.

मग मी आमच्या ह्यांना म्हटलं, मला एक पाचर करून द्या. हे जन्मभर सुतारकाम केलेले, आता गुडघे गेले म्हणून घरी बसून लाकडं तासत असतात. म्हणाले, "कुणाच्या कामात मारायचीय?" म्हटलं, "तुमच्या! द्या गुमान." छान घासूनपुसून दिली, हातात बरोबर बसेल अशी. आयसीयूचं ते जड दार आपलं आपण बंद व्हायचं. मी त्याच्याखाली पाचर सरकवली. समोरच्या बोळाच्या टोकाला एक उघडणारी खिडकी होती, तिथली झुळूक सरळ आत. छकुलीने आतून माझ्याकडे बघून मान हलवली. मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, राउंडला आले तेव्हा त्याच उघड्या दारातून आत गेले आणि त्याच दारातून बाहेर आले. कुणी चकार शब्द काढला नाही.

मग तपासणी येणार म्हणून आगीचं सगळं बघायला एका साहेबांना नेमलं. काटकुळा तरुण माणूस, गळ्यात बॅटरी अडकवलेली. त्यांनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते माझी पाचर बुटाने उडवायचं.

"अहो, अहो, काय करताय?"

"मावशी, हे दार धूर अडवण्यासाठी आहे. ते कायम बंद हवं."

"आणि आत माणसं गुदमरतात ती? आग लागायची तेव्हा लागेल, हे तर रोज गुदमरतात!"

मला वाटलं आता वरच्या आवाजात बोलेल. पण तो आत गेला, छताखाली उभा राहिला, पंख्याच्या जाळीला कागदाचा तुकडा लावून बघितला. कागद खाली पडला. बाहेर येऊन म्हणाला, "तुमचं खरं आहे. दोन्ही पाहिजे, दार बंद आणि पंखा चालू. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. मी लिहून देतो. पण बसवणं माझ्या हातात नाही." अशा माणसाशी भांडायचं तरी काय? पाचर त्याने माझ्या हातात दिली, ती मी एप्रनच्या खिशात टाकली.

त्यानंतर त्याने सगळ्यांकडून तालीम करून घेतली. घंटा वाजली की चालते पेशंट आधी जिन्याने खाली. मग खुर्चीवरचे उचलून. मग ज्यांना चादरीवरून ओढत नेता येईल ते. आयसीयूतले चार जण श्वासाच्या मशिनीवर होते, त्यांना हलवायचं नाही. दार घट्ट बंद करून ते तिथेच राहणार, अग्निशमनवाले वर येईपर्यंत.

"एकटेच?" मी विचारलं.

"एक सिस्टर राहील त्यांच्यापाशी."

"कोण एक?"

मोठी सिस्टर इतर पेशंट घेऊन खाली जाणार, तेव्हा राहणार धाकटी. धाकटी म्हणजे माझी छकुली. आणि दार आपोआप मिटवणारा वरचा दांडा ढिला झालेला, शेवटी कुणीतरी हात दिल्याशिवाय कडी बसायची नाही. "मजल्यावर मावशी कायम असतात," साहेब म्हणाले, "दार मावशींकडे."

बघा म्हणजे. आत कोण राहणार, तर माझी लेक. बाहेरून दार कोण लावणार, तर मी.

तालमीत सगळे हसत-खिदळत होते. लंगडायचं सोंग करत वॉर्डबॉय जिना उतरत होते. मी दार ओढलं, कडी बसली. आतून दाराच्या फटीत ओली चादर कोंबली गेली. काचेच्या झरोक्यातून छकुलीने मला अंगठा दाखवला, दात काढून हसत.

मी तशीच मेट्रनबाईंकडे गेले. म्हटलं, बाई, हात जोडते, तिला खाली बाह्यरुग्ण विभागात टाका. तिची उमेद मोठी आहे, पण ती माझी एकुलती एक आहे. मेट्रनबाई वाईट नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मावशी, मग आत कुणाची मुलगी ठेवू?"

मी पदर नाही, एप्रनच पिळत उभी राहिले आणि परत आले.

छकुलीला कळलं तेव्हा घरात आकाशपाताळ एक केलं तिने. "माझ्या पेशंटना टाकून मी पळू? तू मला नर्स कशाला केलंस मग? शिवणकामाला घालायचं होतंस!" ह्यांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर त्यांनाही फटकारलं. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी घरातही मावशीला बोलतात तसं बोलत होती, कामापुरतं.

तपासणी झाली. जिन्याशेजारी विजेच्या पेटीपुढे फाटक्या गाद्यांचा ढीग होता, तो आदल्या दिवशी गच्चीवर नेला. बंद पंख्याच्या जाळीला चंदेरी रंग दिला. पंख्याला मुदत मिळाली म्हणे. गाद्या गच्चीवर खराब होतील म्हणून परत खाली आल्या, त्याच जागी. काटकुळे साहेब ते बघून एकदा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि लाल चेहऱ्याने बाहेर आले. मला एवढंच म्हणाले, "मावशी, दाराकडे लक्ष असू द्या."

लक्ष होतं हो! पण दुपारी आत उकडायला लागलं की छकुलीच दाराशी येऊन म्हणायची, "मावशी, जरा वेळ लावता का ते? कोपऱ्यातल्या आजोबांना त्रास होतोय." आजोबांच्या गळ्यात नळी होती, बोलता यायचं नाही, पण डोळे टकटकीत. मी पुसायला आत गेले की भुवया उडवून चेष्टा करायचे, कोपरा राहिला म्हणून बोटाने दाखवायचे. मी म्हणायची, "उठा की मग, तुम्हीच पुसा." तर मी पाचर लावायची आणि तिथेच घुटमळत राहायची.

त्या दिवशीही पाचर लावलेलीच होती. भेटायची वेळ संपत आलेली. आधी रबर जळल्यासारखा वास आला. मग जिन्याच्या बाजूने ओरडा आला आणि काळा धूर बोळात लोळत यायला लागला. घंटा वाजली. तालमीत हसणारे सगळे आता एकमेकांना ढकलत होते. मोठी सिस्टर पेशंट घेऊन दुसऱ्या जिन्याने उतरली. आयसीयूचे डॉक्टर खाली कुठल्याशा ऑपरेशनला गेलेले, ते वर येऊ शकले नाहीत.

मी गुडघ्यावर बसून पाचर ओढायला लागले. माझ्याच नवऱ्याने केलेली, निघता निघेना! शेवटी टाच मारली तेव्हा सुटली. दार बंद होऊ लागलं आणि मी त्यात पाय घातला. पलीकडे छकुली, हातात ओली चादर घेऊन.

"मी आत येते," मी म्हटलं.

"मावशी, दार लावा."

"छकुले, मी आत येते गं—"

"मावशी, दार लावा म्हणते ना! धूर येतोय आत!"

एवढ्या जोरात ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मी पाय काढला. दार ओढलं. कडी बसली. खालून चादरीचं टोक बाहेर आलं आणि परत आत ओढलं गेलं. झरोक्यातून बघायला गेले, पण डोळ्यांत धूर गेलेला, काही दिसलं नाही. वॉर्डबॉयने माझं मनगट धरून मला त्या दुसऱ्या जिन्याकडे ओढलं.

खाली रस्त्यावर सगळे माना वर करून उभे. तिसऱ्या मजल्याच्या त्या पक्क्या काचांत नुसतं आभाळ दिसत होतं. इमारतीची वीज तोडली होती. म्हणजे एसी बंद. पंखा तर बंद होताच. मी एका अग्निशमनवाल्याची बाही धरली, म्हटलं, "माझी मुलगी आहे हो वर!" तो माणुसकीनेच म्हणाला, "बाई, सोडा, मला जाऊ द्या वर." मी सोडली. आणखी काय करणार होते? हे लंगडत लंगडत आले. आधी एवढंच विचारलं, "कडी नीट बसली होती ना?" मी म्हटलं, "बसली होती." आणि मग मला रडू फुटलं.

ती आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. केस घामाने कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. तिच्या पुढे तीन स्ट्रेचर गेली. चौथं मागून आलं, ते तोंडावर चादर घेतलेलं. कोपऱ्यातले आजोबा.

दुसऱ्या दिवशी काटकुळे साहेब मला वर घेऊन गेले. दाराची बाहेरची बाजू कोळसा झालेली, आतली पांढरी स्वच्छ. म्हणाले, "तुम्ही वेळेवर दार लावलंत म्हणून आतली माणसं वाचली." मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आजोबांचं तसंही कठीणच होतं, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. पंख्याचं विचारलं, तर पार्ट मागवलाय.

छकुली दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. आज दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा आपणहून बोलायला लागली.

"आई, लाइट गेल्यावर मशिनी बॅटरीवर चालत होत्या. दोन जुन्या आहेत ना, आजोबांची आणि शेजारच्या बाळंतिणीची, त्या एकदमच बंद पडल्या."

"मग गं?"

"मग नळीला हवेची पिशवी लावून ती हाताने दाबायची असते. सारखी. एकाला दाबली की दुसऱ्याचं राहतं. मी इकडून तिकडे पळत होते. आत हवाच नव्हती, मलाच धाप लागली. मग दोघांचंही होईना." ती माझ्याकडे वळली. "मग मी त्या बाळंतिणीपाशीच राहिले. आजोबा माझ्याकडे बघत होते, आई. शेवटपर्यंत बघत होते."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

"पिशवी दाबायला काही शिकावं लागत नाही," ती म्हणाली. "कुणालाही जमतं. तुला आत घ्यायला हवं होतं मी."

तिने मला बोल लावला नाही. मीही तिला लावला नाही. आम्हाला जसं सांगितलं होतं तसंच दोघींनी केलं होतं. सोमवारी तिची ड्यूटी आहे, त्याच खोलीत. माझीही आहे.

झोप यायला लागली तशी ती पुटपुटली, "आई, दार लावू नकोस हं." आमच्या खोलीचं दार फरशीला उतार असल्यामुळे आपोआप मिटतं. मी उठले, खुंटीवरच्या एप्रनच्या खिशातून पाचर काढली आणि दाराखाली सरकवली. परत येऊन बसले तर तिला झोप लागली होती, पण मूठ मिटत होती, उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मी माझा हात तिच्या मुठीत दिला. तोच ती दाबत राहिली.