बैलाचे मागचे पाय

आमच्या वेर्बिव्का गावाला शंभर वर्षं झाली, तेव्हा गावात माणसं इतकी थोडी उरली होती की समारंभाच्या समितीत कोणाला घ्यायचं हा प्रश्नच आला नाही. ज्याला हॉलच्या पायऱ्या चढता येतात तो समितीत. मी धापा टाकत का होईना चढत होतो. अध्यक्षही मीच झालो, कारण माझं नाव मीच सुचवलं आणि त्या वेळी बाकीचे बटाट्याचे पिरोही खात होते. तोंडं भरलेली असल्यामुळे कोणी विरोध केला नाही.

मी ओरेस्त मेल्निचुक. आयुष्यभर ट्रॅक्टर विकले. ट्रॅक्टर विकणाऱ्याचं एक असतं, की समोरचा मान हलवायला लागला की आपण फार छान बोलतो असं त्याला वाटायला लागतं. मला तर चाळीसेक वर्षं तसं वाटत होतं. शिवाय माझ्याकडे सांगायला एक गोष्ट होती, आणि ती कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या आमच्या युक्रेनी भागात सगळ्यांना ठाऊक होती. ती माझ्या वडिलांची.

मी जन्मायच्या आधी, एका शरद ऋतूत, पश्चिमेकडून वणवा आला. वाळलेलं गवत, सुसाट वारा. माझे वडील याकीव यांनी एकट्याने बैल जुंपून, आग अडावी म्हणून, चर्चभोवती नांगराचा पट्टा काढला आणि चर्च वाचवलं. आजही चर्चच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी आहे. आणि एवढं करून माणूस किती नम्र! कोणी कौतुक केलं की ते मान खाली घालून एवढंच म्हणायचे, "मी काही नाही केलं. बैलांनी केलं." वडिलांच्या या नम्रतेवर मी लग्नांत बोललोय, बारशांत बोललोय, एकदा खतांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनातही बोललोय.

तेव्हा शताब्दीला नाटक करायचं, ते मी लिहायचं आणि वडिलांचं कामही मीच करायचं, हे माझ्या दृष्टीने ठरलेलंच होतं. वडील काठीसारखे होते आणि माझा कमरेचा पट्टा बायको दर ख्रिसमसनंतर नवीन आणते, हा किरकोळ मुद्दा होता. एका बैलाचं काम घोंगडीखाली दोघांनी करायचं होतं: पुढचे पाय शेजारचा प्रोकीप, मागचे पाय त्याचा मेहुणा हाव्रिलो. दुसरा बैल प्लायवूडचा होता. गावच्या बायकांना मी मागे एका रांगेत गुडघे टेकून प्रार्थना करायला सांगितलं होतं. नांगर धरण्याआधी मला एक भाषण होतं. ते जरा लांब होतं.

"वणवा आलाय ना?" तालमीत प्रोकीपने घोंगडीतून डोकं बाहेर काढून विचारलं. "मग तू बोलत काय उभा राहिलायस? आत आम्ही शिजतोय!"

"हा आत्म्याचा क्षण आहे," मी म्हटलं.

"माझ्या गुडघ्यांचाही आहे," आतून हाव्रिलो म्हणाला.

एका तालमीला आम्ही शहरातल्या वृद्धाश्रमातून आमच्या गावची म्हातारी मंडळी बोलावली. ती सगळी वेर्बिव्काचीच. कोणाचं शेत विकलेलं, कोणाची मुलं दूर गेलेली. चर्चची व्हॅन घेऊन मीच त्यांना आणलं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर तेक्लाकाकू बसल्या. नव्वदी कधीच ओलांडलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात चघळायला आल्याची वडी. त्यांच्याशेजारी दानिलो, जे बसल्याबरोबर झोपले.

मी नांगर धरून मंचावर आलो. छातीवर हात ठेवला. "हे परमेश्वरा," मी सुरुवात केली, "मी एक साधा, नम्र शेतकरी..."

"हा कोण?" तेक्लाकाकूंनी मोठ्याने विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या सगळंच मोठ्याने विचारतात.

"हा याकीव, काकू," खालून माझी बायको झोनिया म्हणाली.

"याकीव? आपला याकीव? त्याला एवढं बोलता कधीपासून यायला लागलं?"

बायकांची रांग प्रार्थना करता करता हसली. मी हसलो नाही. मी पुन्हा "हे परमेश्वरा" म्हटलं.

"अरे ए, थांब! आणि या बाया गुडघ्यावर का बसल्यात? काही सांडलंय का?"

"त्या प्रार्थना करताहेत, तेक्लाकाकू," मी मंचावरूनच, अध्यक्षाला शोभेल अशा आवाजात सांगितलं. "पुरुष वणव्याशी लढताहेत आणि बायका देवाला हाक मारताहेत."

"कुठले पुरुष? पुरुष सगळे मळणीला गेले होते लांब! प्रार्थना करायला वेळ कोणाला होता? माझी आई, तुझी आत्या, पाद्र्याची बायको, सगळ्या ओली पोती घेऊन धावल्या. मी सात वर्षांची. चर्चच्या पायरीवर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसले होते, मला सगळं दिसत होतं. आईच्या भुवया जळाल्या. नंतर उगवल्या, पण एक वर आणि एक खाली. जन्मभर तिने कोणाकडे पाहिलं की समोरच्याला वाटायचं आपलं काहीतरी चुकलंय."

मी कसंबसं म्हटलं, "पण पट्टा तर वडिलांनी नांगरला ना?"

"पट्टा कसला? नांगराचं एकच तास, आणि तेही वाकडंतिकडं. अरे, तो त्याच्या शेतात नांगरत होता. बैलांनी धूर पाहिला आणि उधळले. चर्चमागे तळं होतं, पाण्याकडे निघाले. मधे कुंपण आलं म्हणून चर्चला वळसा घालून गेले. नांगर जमिनीत, आणि तुझा बाप नांगराला लोंबकळलेला! 'हो, हो, थांबा रे, थांबा!' एक बूट इथे, एक बूट तिथे. आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याची टोपीही नव्हती. आग त्या तासापाशी येऊन जरा अडखळली, तेवढ्यात बायकांनी पोत्यांनी झोडपून काढली."

"म्हणजे..." मी म्हटलं.

"म्हणजे काय? तो बिचारा सगळ्यांना खरं सांगत फिरला. बैलांनी केलं, बैलांनी केलं. कोणी ऐकेचना. पाद्र्याने तर त्याच्या नम्रतेवर प्रवचन दिलं."

घोंगडी हलायला लागली. आधी पुढचे पाय हसले, मग मागचे. हाव्रिलो हसताना मागच्या मागे खाली बसला आणि त्याचा गुडघा तेव्हाच मुरगळला. अशा रीतीने नाटकातलं काम सगळ्यांत आधी गमावलं ते बैलाच्या मागच्या अर्ध्याने. माझं अजून शाबूत होतं, पण मंचावर उभा राहून काय करायचं ते मला सुचेना. मी नांगर भिंतीला टेकवला आणि दिवे बंद करायला गेलो. दिवे मी लावलेले नव्हते, त्यामुळे बटण सापडायला बराच वेळ लागला.

घरी येऊन मी झोनियाला म्हटलं, "म्हातारी आहे. तिला काय आठवणार?"

झोनिया बिटं चिरत होती. तिने वर पाहिलं नाही. "मला तर तुझ्या बाबांनी स्वतःच सांगितलं होतं. आपलं लग्न झालं त्या वर्षी. मी भांडी घासत होते, ते पुसत होते. म्हणाले, झोनिया, पोरी, मी त्या दिवशी नुसता लटकलेलो होतो गं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. तू भाषण करताना इतका मजेत असायचास."

मी जेवलो नाही. म्हणजे बिटांचा बोर्श घेतला नाही. पाव खाल्ला, कारण रुसायलाही अंगात जोर लागतो. दोन दिवस मी कोणाचा फोन उचलला नाही. मग लक्षात आलं की कोणी फोन केलेलाच नाही.

तिसऱ्या दिवशी मी काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन वृद्धाश्रमात गेलो. मनात हेतू स्वच्छ होता: तेक्लाकाकूंकडून थोडीशी माघार मिळवायची. निदान बूट तरी दोन्ही पायांत ठेवता आले तर पाहायचं.

त्यांनी बरणी उघडायला लावली, एक काकडी खाल्ली, आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे. चिडलायस?"

"नाही हो."

"तुझा बाप चिडला की कानामागे खाजवायचा. तूही खाजवतोयस."

मी हात खाली घेतला. मग विचारलं, "तळ्यापाशी पोचल्यावर काय झालं, काकू?"

खरं म्हणजे हे मला विचारायचं नव्हतं. पण ट्रॅक्टर विकताना जो आवाज काढायचो तो निघालाच नाही.

"तळ्यात बसला," त्या म्हणाल्या. "बैलांसोबत. मळणीवरून माणसं धावत आली, तेव्हाही तो कमरेएवढ्या पाण्यात होता. त्यांना वाटलं, वीर पुरुष दमलाय. त्याला खांद्यावर घ्यायला गेले तर याने त्यांना शिव्या दिल्या. जळत्या गवतावरून पळून बैलांचे खूर भाजले होते. ते बाहेर यायला तयार नव्हते, म्हणून हाही येईना. रडत होता. पंचविशीतला बाप्या, नाक वाहतंय, आणि बैलांच्या कानात काहीतरी बोलतोय. मग तुझ्या आजीचं लोणी नेलं त्याने. सगळं! हिवाळ्यासाठी घातलेलं. खुरांना चोळलं. तुझ्या आजीने ते त्याला मरेपर्यंत ऐकवलं. चर्च कोणी वाचवलं याबद्दल ती कधी काही बोलली नाही, लोण्याबद्दल मात्र बोलायची."

मला वडील आठवतात ते म्हातारे, ओसरीवर, न बोलणारे. मी त्यांच्याजवळ बसून तासन्‌तास बोलायचो. ते मधूनच माझ्याकडे बघायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं, आणि मी पुढचं वाक्य सुरू करायचो. ते बैलांच्या कानात काय बोलत असतील हे मला कितीही डोकं खाजवलं तरी सुचलं नाही. मी नाटक लिहिलं होतं, तरीही.

"बैलांची नावं काय होती?" मी विचारलं.

"आठवत नाही," तेक्लाकाकू म्हणाल्या. "एक जरा आळशी होता. त्या दिवशी सोडून."

मी नाटक पुन्हा लिहिलं. लिहिलं म्हणजे बरंचसं खोडलं. भाषण गेलं, आणि नाटक पाऊण तासाने कमी झालं म्हणून समितीने टाळ्या वाजवल्या. माझ्या एका भाषणाला मिळालेल्या त्या पहिल्या खऱ्या टाळ्या. बायकांना पोती दिली. वडिलांचं काम आमच्या पोस्टातल्या शिडशिडीत पोरीला दिलं, कारण वेगाने पळत लोंबकळू शकेल असं गावात दुसरं कोणी नव्हतं. आणि हाव्रिलोचा गुडघा सुजलेलाच होता, म्हणून बैलाचे मागचे पाय मी झालो.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला होता. विनिपेगहून, कॅल्गरीहून, कुठून कुठून लोक आले होते. मी त्यांच्यातल्या एकालाही पाहिलं नाही. मला दिसत होती ती प्रोकीपची पाठ. घोंगडीला डांबरगोळ्यांचा वास आणि प्रोकीपला लसणाचा.

"उधळायचं कधी?" मी कुजबुजलो.

"मी उधळलो की उधळ. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

तो उधळला. मी त्याचा पट्टा धरून मागे धावलो. बाहेर बायका पोती आपटत ओरडत होत्या, पोस्टातली पोरगी "थांबा रे, थांबा" म्हणून किंचाळत होती, आणि लोक हसत होते, बाकं बडवून हसत होते. दुसऱ्या वळशाला प्लायवूडचा बैल मोडून आमच्या पायांत आला आणि आम्ही तिघेही, म्हणजे दीड बैल आणि अर्धा नांगर, तळ्यात पडलो. तळं म्हणजे निळी चादर होती. पोस्टातली पोरगी तालमीत ठरल्याप्रमाणे चादरीवर बसली आणि घोंगडीवर डोकं ठेवून रडायला लागली. हळूहळू हसू थांबलं. मला आतून काहीच दिसत नव्हतं. घोंगडीवरून तिचा हात माझ्या पाठीवर फिरत होता एवढंच कळत होतं. मी गप्प पडून राहिलो. प्रोकीप नंतर म्हणाला की बैल हुंदके देत होता आणि ते नाटकात नव्हतं. ते डांबरगोळ्यांमुळे.

संध्याकाळी म्हाताऱ्या मंडळींना परत न्यायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. जुलैचा उजेड, दोन्ही बाजूंना मोहरीसारखा कनोला फुललेला, पिवळाधमक, आभाळ टेकेपर्यंत. वळणावर तेक्लाकाकू म्हणाल्या, "इथे जरा थांब. इथे आमची विहीर होती." मी थांबलो. पुढे गेल्यावर कोणीतरी म्हणालं, इथे शाळा होती. मग इथे वाकड्या मिकोलाचं घर, ज्याने बायकोच्या धाकाने घराला दोन मागची दारं केली होती. दर मैलाला कोणी ना कोणी थांबवत होतं, आणि बाहेर कुठेच काही नव्हतं, नुसती पिवळी फुलं आणि वारा. अध्यक्ष म्हणून मी दोन शब्द बोलावेत असं एकदा वाटलं. पण व्हॅनमध्ये सगळे एकदमच बोलत होते, मला जागा मिळाली नाही.

दानिलोंना लघवीला जायचं होतं. मी त्यांना हाताला धरून उतरवलं. रस्त्याच्या कडेलाच उरका म्हटलं तर ते ऐकेनात. मला ओढत कनोलात शिरले, कमरेएवढ्या फुलांतून चांगलं आत, आणि एका जागी थांबून इकडेतिकडे पाहायला लागले.

"इथे नको," म्हणाले. "हे स्वयंपाकघर आहे."

मी म्हटलं, "बरं."

"तिकडे गोठा होता, तिकडे चालेल." मग माझ्या पायांकडे बघून ते एकदम ओरडले, "ओरेस्त, अरे बाजूला हो! चुलीवर उभा आहेस!"

मी टुणकन उडी मारून बाजूला झालो.