कागदावरचा तीन नंबर

घर पाहावं बांधून, म्हणतात. ज्यांनी कोणी म्हटलं, त्यांनी विकत घेऊन पाहिलं नव्हतं.

आमचं विंचवाचं बिऱ्हाड. नऊ वर्षांत सहा भाड्याची घरं. मी बसमध्ये कंडक्टर, नवरा चष्म्याच्या दुकानात, आणि त्याच्याच आईची नजर गेलेली. दिव्याखाली अंधार म्हणून लोक हसतात, हसेनात का! सासूबाई प्रत्येक घर हातांनी पाठ करायच्या, आणि पाठ झालं की मालक म्हणायचा, खाली करा. मागच्या खेपेला त्या जुन्या घराच्या सवयीने दारातून जायला गेल्या, आणि नव्या घरात तिथे भिंत होती. पुढचा दात गेला. मी नवऱ्याला बजावलं, ‘‘आता आईंना हलवायचं ते एकदाच. स्वतःच्या घरात.’’

घर मिळालं. तिसरा मजला, तीन नंबर. विकणारे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ, स्वभावाने गाय. कर्जाचे कागद फिरत होते तोवर त्यांनी सासूबाईंना दर रविवारी घर शिकायला येऊ दिलं. दारातून सात पावलं, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे बाथरूम. पाचव्या रविवारी त्या भिंतीला हात न लावता फिरल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग बँकेचा मोजणीवाला आला. त्याने नकाशा सुलटा धरला, उलटा धरला, होकायंत्र काढलं आणि म्हणाला, ‘‘हे घर तीन नंबर नाहीच.’’

‘‘अहो, दारावर लिहिलंय की!’’

‘‘दारावर काहीही लिहितील. कागदावर तीन नंबर म्हणजे शेजारचं.’’

वीस वर्षांपूर्वी नंबर रंगवणारा पेंटर पलीकडच्या जिन्याने चढला होता आणि त्याने उलट्या टोकापासून मोजलं होतं. एकाचं चार, दोनाचं तीन. वीस वर्षं चार कुटुंबं एकमेकांच्या घरात सुखाने नांदत होती. रेडिओवाल्यांनी तर भिंतीला ओल येते म्हणून शेजारच्या मुख्याध्यापिकाबाईंवर केस ठोकली होती. ती त्यांनी स्वतःच्याच बाथरूमवर ठोकली होती, असं आता निघालं.

‘‘नुसत्या पाट्या बदला ना,’’ मी वकिलाला म्हटलं.

‘‘पाटी बदलली की यांचं हे घर बाईंचं होतं. आणि बाई काही विकत नाहीयेत.’’

‘‘मग कागद दुरुस्त करा!’’

‘‘तीन वर्षं. माणसं हलवायला एक रविवार लागतो.’’ वकील समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘‘कागदाला कशाला त्रास द्यायचा, ताई?’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उद्या आपल्यालाही विकायची वेळ आली तर, म्हणून बाकीच्या तिन्ही घरांना घाम फुटला होता. सगळे तयार झाले.

तो रविवार काय सांगू! चार घरांची कपाटं एका व्हरांड्यात. मुख्याध्यापिकाबाई शिट्टी फुंकून डावी रांग, उजवी रांग करत होत्या. एक नंबरचा फ्रिज आणि चार नंबरचा पलंग समोरासमोर अडकले. मागे कोणी घेईना. आणि रेडिओवाल्यांना तर घर सोडायचं होतं, तरी ताबा कागदावरच्या घरातूनच द्यावा लागतो म्हणून ते शेजारी राहायला गेले. तासभर राहिले. एक कप चहा घेतला, ‘‘घर चांगलं होतं हो माझं,’’ म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवून गेले.

सासूबाईंना मी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. जीभच रेटेना. शेजारचं घर म्हणजे पहिलंच, पण आरशातलं. जे जे डावीकडे, ते सगळं उजवीकडे. पाच रविवार पाण्यात. संध्याकाळी त्यांना घेऊन आले. हात माझ्या हातात घट्ट. त्यांनी उंबरठा ओलांडला, सात पावलं मोजली आणि ऐटीत डावीकडे वळल्या.

‘‘आई, थांबा!’’

त्यांचा मोकळा हात बाथरूमच्या दारावर थबकला. ओल्या फरशीचा वास आला असणार. चेहरा उतरला. मग मी सगळं ओकून टाकलं: पेंटर, पलीकडचा जिना, कागद, आरसा. ‘‘चुकलं माझं. पुन्हा पहिल्यापासून आलं तुमच्या नशिबी,’’ म्हणाले आणि भोकाड पसरलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘सही झाली?’’

‘‘झाली.’’

‘‘नोंदणी?’’

‘‘झाली.’’

‘‘इथून आता कोणी उठा म्हणणार नाही?’’

‘‘नाही, आई. कोणाचा बापही नाही म्हणणार.’’

‘‘मग हात सोड माझा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चुकू दे मला निवांत.’’